उघड्या डोळ्यांचा फोटोवाला

“डोळा कशाला मिटायचा? मी काय डोळा मारायला बसलो का हितं?”

फोटो काढताना एक डोळा का मिटत नाही, असं कुणी विचारलं की आमच्या शेजारच्या फोटोवाल्या काकांचं हे उत्तर ठरलेलं. तुम्ही पाहिलेले फोटोवाले एक डोळा गच्च मिटून, तोंड वाकडं करून फोटो काढत असतील. आमचे काका कॅमेरा उजव्या डोळ्याला लावायचे आणि डाव्या डोळ्यानं टकामका बघत राहायचे. समोरच्यानं नेमकं कुठं बघावं, हा प्रश्नच पडायचा.

लातुरात शिकवण्यांचा बाजार भरात आला तेव्हा मी मुलींसाठी मेस काढली आणि वरच्या चार खोल्या भाड्यानं दिल्या. काकांचा स्टुडिओ माझ्या भिंतीला भिंत लावून. स्टुडिओ म्हणजे काय, एक निळा पडदा, एक स्टूल आणि एक आरसा. आरशाला सुतळीनं कंगवा बांधलेला, कारण पोरी तो पळवतात म्हणे! माझ्या एकाही पोरीनं तसला कंगवा चिमट्यातसुद्धा धरला नसता. पण काकांशी वाद कोण घालणार?

कॅमेरा मात्र खरंच बघण्यासारखा होता. जुना, जर्मन, फिल्मचा, हातात घेतला तर मनगट खाली जाईल असा जड. प्रत्येक फोटोआधी काका अंगठ्यानं त्याची फिल्म सरकवायची दांडी दोनदा ओढायचे, खट-खट. मग बटण दाबलेलं मात्र कुणाला ऐकूच यायचं नाही. एकदा निलंग्याकडचे एक पालक श्वास कोंडून स्टुलावर बसलेले. चेहरा लालबुंद झाला, शेवटी म्हणाले, “काढा की हो आता!”

“कवाच काढला,” काका म्हणाले. “उठा.”

तो कॅमेरा काकांकडं आला कसा? ते तुम्ही कोणत्या वारी विचारता त्यावर होतं. सोमवारी तो हैदराबादच्या एका नवाबानं खूश होऊन दिलेला असायचा. गुरुवारी मुदखेडच्या रेल्वेतल्या गोऱ्या साहेबानं जाताना ‘यादगारी’ म्हणून ठेवलेला. नवाबाच्या बोटातल्या अंगठीचा खडासुद्धा ते सांगायचे, आणि तो दर वेळी वेगळा निघायचा. मी तोंडावर म्हटलं, “काका, किती खोटं बोलता हो!”

“खोटं न्हाई वैनी. जरा वाढवून सांगलालो.”

जूनमध्ये तर त्यांना ऊत यायचा. क्लासवाले गुणवंतांचे फोटो चौकाचौकात लावायचे आणि काका त्यातला प्रत्येक फोटो आपलाच म्हणून सांगायचे. “ह्या कॅमेऱ्याच्या खिडकीतनं गेलेलं लेकरू आजवर नापास न्हाई झालं.” झालं! अहमदपूर, देगलूर, कुठून कुठून पालक फॉर्मचा फोटो काढायला रांग लावायचे. समोर नवीन डिजिटलवाला पाच मिनिटांत फोटो देत होता, त्याच्याकडं माशा. मी विचारलं, नापास झालेल्यांचं काय? काका म्हणाले, “त्येनी डोळे मिटले असतील.”

एक दिवस पुण्याहून एक गृहस्थ आले. जुने कॅमेरे जमवायचा नाद होता त्यांना. त्यांनी कॅमेरा असा हातात घेतला, जसं बाळंतिणीच्या खोलीतून कुणी तान्हं आणून द्यावं. मी चहा घेऊन गेले होते, म्हणून ऐकायला मिळालं.

“ही दोनदा ओढायची दांडी आहे ना वहिनी, ती फक्त सुरुवातीच्या नगांना. पुढे कंपनीनं एकदाच ओढायची केली. पण आम्ही जीव टाकतो तो डोळा लावायच्या ह्या खिडकीवर. इतर कॅमेऱ्यांत भिंगातून बघतात, नेमका फोटो निघतो त्या क्षणी डोळ्यापुढे अंधार होतो. ह्याची खिडकी भिंगापासून वेगळी. अंधार होतच नाही. आणि आतून वस्तू जवळजवळ आहे तेवढीच दिसते, म्हणून दोन्ही डोळे उघडे ठेवता येतात. फोटोत काय येणार त्याची पांढरी चौकट दिसते, आणि चौकटीच्या बाहेर कोण उभं आहे तेही दिसतं. अशी खिडकी पुन्हा कुणी केली नाही.”

मग त्यांनी विचारलं, “भिंगाची मूळ टोपी कुठाय?”

“इहिरीत टाकली,” काका म्हणाले. एवढंच. ना नवाब, ना गोरा साहेब! कॅमेरा देणार का, तर तेही नाही म्हणाले. पुणेकर चहा अर्धा टाकून गेले. मला राग आला, चहा चांगला झाला होता.

त्याच वर्षी जूनमध्ये अकरावीच्या चार नव्या पोरींना घेऊन मी फोटोला गेले. त्यातली एक अहमदपूरहून आलेली, मामाकडं वाढलेली. फार बोलायची नाही, भात मात्र तीनदा घ्यायची. ती स्टुलावर बसली. काकांनी खट-खट केलं, कॅमेरा डोळ्याला लावला. पोरगी त्यांच्या उघड्या डोळ्याकडं बघत राहिली आणि एकदम म्हणाली, “काका, भूकंपाच्या साली पोळ्याला तुमी औशाकडं एका गावात गेला होताव का? बैलाचा फोटो काढायला?”

काकांनी कॅमेरा खाली घेतला.

“ते आमचं घर होतं,” ती म्हणाली. “मी लहान होते, पोळ्याला आजारी म्हणून मामाकडं होते. आई मला बघायला आली तवा मामाला सांगून गेली, लातूरचा फोटोवाला आला होता, दोन्ही डोळे उघडे ठेवून फोटो काढतो. गणपती झाल्यावर मला न्यायला येणार होती.”

गणपती विसर्जनाच्या रात्री काय झालं, ते आमच्या भागात कुणाला सांगावं लागत नाही. तिच्या घरातलं कुणी राहिलं नव्हतं. आईचा एकच फोटो मामाकडं होता, लग्नातला. त्यात मुंडावळ्या दिसतात आणि खाली घातलेली मान दिसते. चेहरा नाही.

“तो फोटो हाय का तुमच्याकडं?”

मला वाटलं, आता काका थाप मारणार. भूकंपात गेला म्हटलं असतं तर कोण शंका घेणार होतं? एवढं सगळं गेलं, त्यात एक फोटो. आणि खरं सांगते, मला वाटलं मारावी त्यांनी थाप.

“टोपी काढायची ऱ्हायली, बाई,” काका म्हणाले. “खिडकीतनं समदं दिसलालं, म्हणून ध्यानातच आलं न्हाई. घरी येऊन फिल्म धुतली तर कोरी. म्हटलं, गणपती झाले की जाऊन पुन्हा काढू.” त्यांनी सदऱ्याच्या टोकानं भिंग पुसलं. “चुकलं माझं.”

पोरगी रडली नाही. मीच रडले, तोंडाला पदर लावून. ती म्हणाली, “मग खिडकीतनं काय दिसलं, ते सांगा.”

आणि काकांनी सांगितलं. मध्ये बैल, झूल घातलेला. त्याच्या पाठीवर तुझा भाऊ, दोन्ही हातांनी वशिंड धरून. बाजूला आजी. तुझी आई ताट घेऊन समोर आली, तर बैलानं ताटातली पोळी जिभेनं ओढली. ती हसली. पदर डोक्यावरनं घसरला, सावरायला हात नव्हता. हसताना तिचा डावा गाल वर गेला. मी बटण दाबलं तवा ती हसतच होती. आणि तुझा बाप? त्येनं फोटोत यायला नकार दिला. ‘बैलाचा काढा, माझा कशाला?’ म्हणला. पण चौकटीच्या बाहेर, लिंबाखाली, तुझ्या आईकडं बघून हसत उभा होता. फोटो आला असता तरी बाप त्यात नसता. मला दिसला.

त्यानंतर दर रविवारी, मेस बंद असली की, पोरगी स्टुडिओत जाऊन बसायची आणि काका तेच सांगायचे. मी मुद्दाम कान देऊन ऐकायचे, कारण हा माणूस वाढवल्याशिवाय राहणार नाही, ही माझी खात्री. नाही वाढवलं. दोन वर्षांत एक शब्द नाही. एकदा मीच खोचून विचारलं, “साडी कोणत्या रंगाची होती हो?”

“आठवत न्हाई,” काका म्हणाले. नवाबाच्या अंगठीचा खडा सांगणारा माणूस हा! त्या दिवसापासून मी त्यांच्या थापांना हसणं बंद केलं नाही, पण त्यांच्यावर जीव जडला, हे कबूल करते.

पोरगी बारावी झाली, नांदेडला शिकायला गेली. काका नंतरच्या हिवाळ्यात झोपेतच गेले. त्यांच्या मुलानं स्टुडिओ रिकामा केला, कॅमेरा बहुतेक त्या पुणेकरांनीच नेला. कपाटात मखमलीवर असेल. आता तिथं मोबाईलचं दुकान आहे.

काका गेल्याची बातमी ऐकून पोरगी नांदेडहून आली. बंद शटरसमोर जरा उभी राहिली आणि माझ्याकडं जेवायला बसली. भात वाढताना म्हणाली, “काकू, तुमी सांगा ना. तुमाला पाठ हाय.”

मी सुरुवात केली, मध्ये बैल, झूल घातलेला... पण मला पुढं सांगवेना. मग तीच सांगू लागली, काकांच्याच शब्दांत. पाठीवर भाऊ, बाजूला आजी. बैलानं पोळी ओढली, आई हसली, डावा गाल वर गेला.

“आणि चौकटीच्या बाहेर, लिंबाखाली बाबा,” ती म्हणाली. ताटातल्या भातावर तिचं बोट फिरत होतं. “आणि बाबाच्या बोटाला धरून मी.”

मी तिच्या भातावर वरण वाढलं.