पंख्यावरची शेकोटी

आधीच सांगून ठेवतो, भूत-प्रेत, करणी-बिरणी या भानगडीत मी कधी पडलो नाही. पांढुर्ण्याच्या एका शाळेत विज्ञान शिकवतो. कोणाच्या अंगात आलं म्हटलं की मी हसणाराच. म्हणून हे लिहून राहिलो तर माझंच मला कसंतरी वाटते.

आमचं घर सौंसरला. बाबांना लकवा मारला तेव्हापासून त्यांचा डावा हात गेलाच. मांडीवर नुसता पडून राहायचा, थंडगार. औषधं, मालिश, सगळं करून झालं. संत्र्याची अख्खी बाग उभी केलेला माणूस, शर्टाचं बटण लावायला मला हाक मारायचा.

शाळेच्या गॅदरिंगमधल्या नाटकात शेकोटीचा सीन होता. स्टेजवर खरी आग कोण लावू देते? म्हणून घरीच नकली बनवून राहिलो होतो. खोक्यात टेबल फॅन उताणा ठेवला, भोवती एलईडीची केशरी पट्टी, जाळीवर साटीनच्या लाल-पिवळ्या चिंध्या बांधल्या आणि वरून कपाशीच्या वाळक्या काड्या, पऱ्हाट्या, रचल्या. रविवारची दुपार होती. खिडक्या लावून बटण दाबलं... चिंध्या अशा लवलवल्या की मीच म्हटलं, वा रे पठ्ठ्या!

तेवढ्यात मागून बाबा म्हणाले, "पऱ्हाटी सरकव ना बे आत. विझून राहिली."

वळून पाहतो तर बाबा खुर्चीत पुढे वाकून शेकत होते. दोन्ही हात पुढे – दोन्ही! डाव्याची बोटं उघडमीट करून राहिले होते. मी धावत जाऊन तो हात धरला. गरम होता हो... चुलीपुढून उठलेल्या माणसाचा असतो तसा. माझी बायको वंदना आतून आली, तिनंही धरून पाहिला आन् तिथंच रडायला लागली. पंख्याचा वारा तर माझ्या तोंडावर गारच येत होता. एलईडीला हात लावला, कोमटही नाही.

"राहू दे ही इथंच," बाबा म्हणाले.

"बाबा, उद्या पोरायचं नाटक आहे. परवा आणतो ना परत."

नाटक छान झालं. शेकोटी मित्राच्या गाडीत मांडीवर धरून, एक काडी हलू न देता परत आणली. तीच खोली, त्याच खिडक्या लावल्या. काहीच नाही. हात मांडीवर तसाच.

डॉक्टर म्हणाले, हात कधी कधी हलतो असा. पण गरम कशानं झाला, हे मला तर आजही कळलं नाही. नेलीच नसती तर? पोरांनी एक सीन कंदिलावर भागवला असता. लई वाईट वाटते राव.

काल पुन्हा लावली. बाबांनी थोडा वेळ माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग उजव्या हातानं डावा उचलून शेकोटीवर धरला.

"मस्त ऊब आहे रे," म्हणाले.

मी तो हात हातात घेतला. थंडगार होता.

"हो बाबा," म्हटलं, "आज चांगली पेटली."