डावीकडचं सांगणारा

हे मी बायकोलाही कधी सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय, ठाऊक नाही — पण बोलण्याची गाडी उताराला लागलीय, आता थांबायची नाही.

सत्तर सालानंतरची गोष्ट. मी कोल्हापुरात पालिकेचा पाण्याचा टँकर चालवायचो. दस्तगीर माझा क्लीनर. हेवी लायसन काढून ड्रायव्हर व्हायचं, एवढंच त्याच्या डोक्यात. नियम कडक होता — पालिकेची गाडी कुणी लायसनशिवाय चालवली, तर त्याचं नाव ड्रायव्हरच्या यादीतून कायमचं बाद. तरी रिकामा टँकर कळंब्याच्या तलावावर भरायला नेताना सगळे ड्रायव्हर क्लीनरच्या हातात स्टिअरिंग देत. नाहीतर पोरं शिकणार कुठं? मी मात्र कधी दिलं नाही. उद्या माझ्याच जागेवर बसला तर?

त्यात माझा डावा डोळा अधू होत चाललेला. तपासणीत कळलं असतं तर लायसन गेलंच म्हणायचं. कुणाला माहीत नाही, असं मी धरून चाललो होतो. पण दस्तगीर — "वस्ताद, डावीकडं सायकल हाय! डावीकडं म्हस हाय!" क्लीनर सांगतातच म्हणा. पण एवढं? आणि गॅरेजच्या फाटकात, साहेबांच्या देखत? मला उघडं पाडायचा डाव नव्हे तर काय! एका सकाळी मी खेकसलो, "तोंड बंद ठेव. मला दिसतंय."

तो गप्प बसला.

त्याच सकाळी मंगळवार पेठेतल्या वळणावर डावीकडून दूधवाला आला. मला तो दिसलाच नाही. बिचाऱ्याचा पाय मोडला. लोक जमेपर्यंत आम्ही दोघंही खाली उतरलो होतो.

चौकशीत साहेबांनी विचारलं, गाडी कोण चालवत होतं? मी दस्तगीरकडे बोट करून म्हणालो — हा. मीच दिली होती चालवायला, चुकलं माझं. सगळ्यांना पटलं. का पटणार नाही? सगळेच तर देत होते.

"न्हाय साहेब, मी डावीकडं बसलोतो," दस्तगीर म्हणाला. मग माझ्याकडे बघितलं — थेट त्या डोळ्यात. आता बोलणार, मी मेलो, असं वाटलं. तो बोलला नाही. माझी एक पगारवाढ थांबली. त्याचं नाव कायमचं कटलं.

तुम्हाला वाटेल, मला लाज वाटली असेल. छे! मला वाटलं, हा हुकमाचं पान राखून ठेवतोय. कधीतरी येईल, काहीतरी मागेल. वर्षानुवर्षं मी वाट बघितली. तो गॅरेजमध्ये गाड्या धूत राहिला. मागायला कधी आला नाही. आणि मी तसाच, तोच टँकर चालवत राहिलो.

रिटायर झाल्यावर एकदा स्टँडसमोर रस्ता ओलांडत होतो. कुणीतरी छातीवर आडवा हात धरला. दस्तगीर. केस पिकलेले.

"थांबा वस्ताद. डावीकडं यष्टी हाय."

एसटी अंगाला वारा लावून गेली. म्हणजे तेव्हाही तो मला वाचवतच होता. हे कळलं, आणि तरी मी त्याचा हात झटकला.

"मला दिसतंय," मी म्हणालो.