सत्यभामाबाईंचा दोर

धार काढून झाली होती. सत्यभामाबाई माझ्या गडव्यात दूध ओतत होत्या, चुलीवरचा चहा उतू जायच्या बेतात होता आणि त्यांचा योगेंद्र आतल्या खोलीत डोक्यावर पांघरूण ओढून निजला होता. तेवढ्यात कडी वाजली. दारात हवालदार उभा होता. त्यानं मोबाईलमधला फोटो पुढे धरला.

"बाई, हा दोर कोणाचा?"

आदल्या संध्याकाळी गावाबाहेरच्या मोहाच्या झाडाला बांधून एका माणसाला मारलं होतं. कैलाश त्याचं नाव, दोन गावं पलीकडचा. हरवलेली कालवड शोधत आला होता. जनावरं चोरणारा समजून सात जणांनी त्याचा जीव घेतला.

फोटोतल्या अंबाडीच्या दोरात लुगड्याचा हिरवा काठ वळलेला होता. पोळा जवळ आला की अर्धं गाव सत्यभामाबाईंच्या अंगणात अंबाडी टाकून जातं. त्यांच्या हातचा दोर तुटत नाही. पण काठ त्या फक्त आपल्या गाईच्या दोरात घालतात. त्या सकाळी गाय साडीच्या तुकड्यानं बांधलेली होती. दोर तुटला, असं पोरानं सांगितलं होतं.

"माहा आहे," त्या म्हणाल्या.

योगेंद्र बाहेर आला. "माय, म्या हात नाही लावला. त्यायनं दोर मांगला, म्या देला. पोलीस येईस्तोवर बांधून ठेवाचं होतं."

"मंग बांधल्यावर तू घरी काहून नाही आला?"

तो म्हणाला, "उभा होतो."

चहा केव्हा उतू गेला ते आम्हाला कळलंच नाही.

खटला उभा राहायच्या सुमारास तेजरामभाऊ आले. त्यांचाही मुलगा त्या सात जणांत होता. वकिलानं त्यांना समजावून सांगितलेलं त्यांनी बाईंना सांगितलं: काठी कोणी चालवली एवढंच कोर्ट पाहत नाही, एका मतलबानं माणसं जमली आणि खून झाला, तर तो सगळ्यांच्या माथी येतो. योगेंद्र त्यांच्यातला होता, हे दाखवायला सरकारकडे मुख्य म्हणजे हा दोर.

"असे दोर म्या गावभर देल्ले, एवढंच म्हण वैनी. पोरगा सुटते."

"गावच्या दोरात काठ नाही राहत, भाऊ. तुमच्याच गोठ्यात दोन आहेत, पाहून घ्या."

"तू माय आहेस का सरकारी वकील?"

"चहा घ्या, थंडा होऊन राहिला."

बाई दगडाच्या होत्या असं नाही. त्या वर्षी पोळ्याला त्यांनी एकही दोर वळला नाही. अंबाडी घेऊन आलेल्यांना "हात दुखते" म्हणून परत पाठवलं. दुधाला गेले की कधीकधी त्यांचे डोळे सुजलेले दिसत. मी विचारत नसे, त्या सांगत नसत.

साक्षीच्या दिवशी मला सोबत घेऊन गेल्या. भंडाऱ्याच्या कोर्टाच्या व्हरांड्यात कैलाशची बायको रुपा बाकावर बसली होती. आम्ही दुसरीकडे बसावं, असं मला वाटत होतं. सत्यभामाबाई सरळ तिच्याजवळ गेल्या.

"बाई, मी योगेंद्रची माय. तुमची कालवड सापडली का?"

रुपानं वर पाहिलं. "दुसऱ्या दिवशी आपणच घरी आली."

सत्यभामाबाई तिथंच टेकल्या. पुकारा होईपर्यंत दोघी शेजारी बसून होत्या. रुपाही उठून गेली नाही.

आत सीलबंद पुडकं फोडून दोर त्यांच्यापुढे धरला. त्यांनी काठावरून बोट फिरवलं. "माहाच."

आरोपींच्या वकिलानं विचारलं, "मुलानं मारलेलं तुम्ही पाहिलं?"

"नाही पाहिलं. दोर त्यानं देला आणि माणसाले बांधल्यावरही तो तिथंच उभा होता. हे त्यानंच मले सांगतलं."

योगेंद्रची मान खाली गेली. बाईंनी मात्र त्याच्यावरची नजर काढली नाही. दुसऱ्याच्या लेकराविषयी खरं बोलणारे पुष्कळ पाहिलेत. स्वतःच्या लेकराकडे बघत खरं बोललेली ही एकच बाई मला माहीत आहे.

आणखी काही सांगायचं आहे का, असं न्यायाधीशांनी विचारलं.

"एकच, साहेब. शिक्षा झालीच तर त्याले भंडाऱ्याच्याच जेलात ठेवा. इथवर सकाळची एसटी येते. त्याले भेटून मले सांजच्या धारेले घरी पोचता येते."