न मोजलेली मतं

शेजारी आकाशकंदिलासाठी मैद्याची खळ शिजत होती आणि त्या वासाबरोबर मला बुटांचा तो खोका आठवला. धारवाडच्या एका शाळेत मी नववीला नागरिकशास्त्र शिकवत होते. वर्गात पोरांच्या दोन टोळ्या, मैदानावर रोजची मारामारी. म्हणून मी मॉनिटरची निवडणूक लावली. खोक्याला खळीने कागद चिकटवून पोरांनीच मतपेटी केली, आणि आठवडाभर दोन्ही टोळ्यांचे म्होरके चक्क हात जोडून मतं मागत फिरले. कुणीच कुणावर हात उचलला नाही. मतदान झालं, पण मोजणीच्या आधीच हेडमास्तर वर्गात आले. "टीचर, इलेक्शन पुस्तकात राहू दे की. मॉनिटरचा धाक पाहिजे," म्हणत त्यांनी दोघांतल्या आडदांड पोराच्या हातात छडी दिली. मी न उघडलेला खोका उचलून घरी आणला. चौथ्या दिवशी त्याच छडीने दुसऱ्या म्होरक्याचं डोकं फुटलं. पालक जमले, तेव्हा सगळ्यांदेखत हेडमास्तरांनी मलाच विचारलं, "नागरिकशास्त्रात तुम्ही शिकवता तरी काय?" तो खोका अजून माझ्या कपाटावर तसाच बंद आहे. हेडमास्तरांवरचा माझा राग कधीच ओसरला. पण त्या प्रश्नावर मी खाली मान घालून "चुकलं, सर" म्हणाले होते, त्याची चीड अजून जात नाही.