तारीख न घातलेलं पत्र

सीमेवर तोफा सुरू झाल्या त्या दिवसांत मी उत्तरेकडच्या एका लष्करी इस्पितळात नर्स होते. एका सकाळी आलेल्या जखमींमध्ये चांदवडकडच्या खेड्यातला एक जवान होता. उजवा पाय मांडीपासून गेलेला, चेहरा भाजलेला, दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या. माझ्या बोलण्यावरून मी नाशिकची हे त्याने ओळखलं आणि मॅडम सोडून मला ताई म्हणू लागला.

तिथले मोबाइल बंद होते. सुरू असते तरी त्याला बोलायचं नव्हतं. धुराने घसा गेला होता, आवाज ऐकला की आईला सगळं कळेल म्हणाला. म्हणून मला पत्र लिहायला सांगितलं. पायाला थोडं लागलंय, कांदा चाळीत भरायला मी येतो, तोवर थांबा, एवढंच.

मी पेन थांबवलं. पायाचं खरं कधीतरी घरी कळणारच, असं म्हणाले.

"कळू द्या ताई. पण मी समोर असताना."

मला ते पटलं. तो म्हणाला तसं लिहिलं, त्याचा हात धरून खाली सही करवली. तारीख घालायची राहिली. पत्र टपालात गेलं आणि चौथ्या दिवशी जखमेतला संसर्ग रक्तात भिनून तो गेला.

दोन महिन्यांनी सुट्टीवर आले तेव्हा मी त्याच्या गावी गेले. कोणी बोलावलं नव्हतं. मी कोण ते सांगितल्यावर त्याचे वडील मला आधी बाहेरच घेऊन बसले. चेहरा दाखवण्यासारखा नाही म्हणून पेटी बंदच आली होती. अग्नी देऊन झाला आणि नवव्या दिवशी माझं पत्र पोचलं. त्यावर तारीख नाही, टपालाचा शिक्काही पुसट. तेव्हापासून आई म्हणत होती, पेटीत दुसराच कोणीतरी होता. कांदा तिने चाळीत भरू दिला नव्हता. अंगणात ताडपत्रीखाली तो सडत होता, घरभर वास होता.

आईने मला चहा दिला, जवळ बसवून घेतलं. मी सगळं सांगितलं. पाय, डोळे, पत्र कसं लिहिलं, तो कधी गेला, तेव्हा मी तिथेच होते हेही. तिने मध्ये एकदाही थांबवलं नाही. मग विचारलं, "थोडं लागलंय असं तूच लिव्हलं ना?"

मी हो म्हणाले.

"तवा खोटं लिव्हलं. मग आता खरं बोलतीस कशावरून?"

ती उठून आत गेली, पुन्हा बाहेर आली नाही.

वडील मला हायवेपर्यंत सोडायला आले. म्हणाले, साहेब लोकांनी सांगून पाहिलं, सरपंचांनी पाहिलं. त्याला शेवटी बघणारं कोणी आलं तर ती ऐकेल असं वाटत होतं. ते माझ्यावर रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

थंडीत त्यांचा एकदा फोन आला. ती अजून त्याचं ताट वाढते म्हणाले. त्याच्या पलटणीतलं कोणी येऊन सांगेल का, म्हणून विचारत होते. मी विचारून बघते म्हणाले. अजून कुणाला विचारलेलं नाही. आलेल्याला ती काय विचारील, ते मला माहीत आहे.