दामलेकाकांनी मला कार्डिफला दिलं

श्री. अरविंद दामले यांची आणि माझी ओळख ब्रिस्टलच्या मराठी मंडळाच्या गणपतीत, जेवणाच्या रांगेत झाली. मी नागपूरहून नोकरीसाठी नुकतीच आले होते. वाढून घेताना मागे उभ्या असलेल्या उंच गृहस्थांचं लक्ष माझ्या वाकड्या करंगळीकडे गेलं.

"हे कशानं?"

"सॉफ्टबॉल. कॉलेजात असताना मोडलं."

"कुठे खेळायचीस?"

"शॉर्टस्टॉप."

काकांनी हातातली पत्रावळ बाजूला ठेवली. दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधली ती जागा खेळणारं माणूस मंडळाच्या रांगेत भेटेल, अशी त्यांना कल्पनाच नसावी. "एप्रिलमध्ये मैदानावर ये," एवढंच म्हणाले. मला तोवर त्यांचं नावही माहीत नव्हतं.

मंडळातल्या बहुतेकांना काका ठाऊक आहेत ते विमानांच्या पंखांचं काम करणारे इंजिनियर म्हणून. कंपनीनं त्यांना मधल्या काळात अमेरिकेला पाठवलं होतं. तिथे त्यांना बेसबॉलचं वेड लागलं, आणि परतल्यावर त्यांनी ब्रिस्टलमध्ये बायका-पुरुष एकत्र खेळतील असा स्वतःचा हौशी क्लब काढला. कौन्सिलकडून मैदान मिळवणं, पहाटे दव पुसून पांढऱ्या रेषा मारणं, पावसात ताडपत्री ओढणं, सगळं ते स्वतः करत. नलिनीकाकू म्हणत, "ह्यांनी घरातली लॉन कधी कापली नाही, आणि तिकडे बघा."

पण मला लिहायचं आहे ते एका जुलै महिन्याबद्दल. त्या महिन्याचा विचार करताना मी अजून शांत बसू शकत नाही.

त्या वर्षी आमची टीम लीगमध्ये वर होती. मात्र जिंकत आलेले सामने आम्ही शेवटच्या दोन इनिंग्जमध्ये घालवत होतो. सुरुवातीचा पिचर, म्हणजे बॉल टाकणारा, दमला की उरलेला खेळ सांभाळायला जो येतो, तो रिलीफ पिचर आमच्याकडे नव्हताच. अमेरिकेतले मोठे क्लब दर जुलैला हेच करतात: उद्याची आशा असलेले तरुण खेळाडू देतात आणि आजचे सामने वाचवणारा पिचर घेतात. आमच्या हौशी लीगमध्येही खेळाडू तयार असेल तर सीझनच्या मध्यात अदलाबदल करता येई. नदीपलीकडच्या कार्डिफच्या क्लबकडे गॅरेथ नावाचा अनुभवी रिलीफ पिचर होता. ते त्याला सोडायला तयार होते. बदल्यात त्यांना मी हवी होते.

काकांनी मला शनिवारी दुपारी घरी बोलावलं. काकूंनी साबुदाण्याची खिचडी केली होती. ती खाण्याआधीच काकांनी सगळं सांगून टाकलं.

"म्हणजे मला विकताय?" मी विचारलं.

"विकत नाही. तू नाही म्हण, विषय संपला. कुणाला कळणारही नाही."

"मग विचारताय कशाला?"

"कारण आम्हाला गॅरेथ हवाय. आणि इथे शॉर्टस्टॉपला डॅन आहे, त्यामुळे तू अर्धा सीझन बेंचवर बसतेस. तिथे तू प्रत्येक सामना खेळशील." मग म्हणाले, "दोन्ही कारणं खरी आहेत, मुग्धा. पण पहिलं नसतं तर दुसरं मला सुचलं नसतं. तेही तुला माहीत असलेलं बरं."

काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "अहो, मुलगी स्थळी द्यायला निघाल्यासारखं काय बोलताय!" कुणीच हसलं नाही.

मी चिडून निघाले. तो सगळा रविवार मी हार्बरच्या कडेनं नुसती चालत राहिले. "तुझ्या भल्यासाठीच करतोय" असं ते म्हणाले असते, तर मला सरळ नाही म्हणता आलं असतं. त्यांनी ती सोयच ठेवली नव्हती. सोमवारी मी फोन करून हो म्हटलं, आणि हो म्हटल्यावरही जीव थाऱ्यावर नव्हता.

पहिल्या दिवशी काका स्वतः गाडीनं मला कार्डिफला घेऊन गेले. मैदानावर त्यांनी तिथल्या कोचला सांगितलं, "यू आर गेटिंग द बेटर हाफ ऑफ धिस डील. डोन्ट वेस्ट हर." मग मागे न बघता निघून गेले. मी हातमोजा चढवला.

पुढे जे झालं ते कुणालाच अपेक्षित नव्हतं. गॅरेथनं पहिला सामना वाचवला, दुसरा वाचवला, आणि तिसऱ्यात त्याचा खांदा गेला. सीझन संपेपर्यंत तो बॉल टाकू शकला नाही. ब्रिस्टलनं विजेतेपद गमावलं. मी मात्र कार्डिफकडून प्रत्येक सामना खेळले, चांगली खेळले, आणि त्याचा आनंद मला धड होईना.

सीझननंतर ब्रिस्टलची मीटिंग झाली. तिथे काय घडलं ते मला डॅननं सांगितलं. तोच उठून म्हणाला होता, "वुई गेव्ह मुग्धा अवे फॉर नथिंग." खोलीत बऱ्याच जणांनी माना हलवल्या. काकांनी क्लब सोडावा, असंही कुणीतरी बोललं. काका येरझाऱ्या घालत होते, ते थांबले.

"निर्णय माझा होता आणि तो चुकला. मला काढायचं तर काढा," ते म्हणाले. "पण आपण तिला गॅरेथसाठी दिलं, नथिंगसाठी नाही. तो इथे बसलाय. त्याच्यासमोर हा शब्द पुन्हा नको."

डॅन मला म्हणाला, "आय कुडन्ट लुक ॲट गॅरेथ." त्यानं उठून गॅरेथची माफी मागितली. क्लबनं काकांना काढलं नाही. त्या हिवाळ्यात काका दर आठवड्याला गॅरेथला फिजिओकडे नेत होते. तो पुन्हा पूर्वीसारखा खेळला नाही, पण आज ब्रिस्टलचे सगळे पिचर त्याच्याच हाताखाली तयार होतात.

पुढच्या वर्षी मी काकांना म्हटलं, "मी परत येते."

"का? माझी चूक दुरुस्त करायला?" त्यांनी विचारलं. "ती माझी मला राहू दे. तुला तिथे खेळायला मजा येते की नाही, एवढंच सांग."

येत होती. मी कार्डिफलाच राहिले. आज मी त्या टीमची कॅप्टन आहे.

त्यांनी मला द्यायला हवं होतं की नव्हतं, हे मला अजून ठरवता येत नाही. एवढं मात्र कळतं, की माझ्याविषयीचं इतकं अडचणीचं खरं माझ्यासमोर बसून मला दुसऱ्या कुणी सांगितलेलं नाही.

गेल्या वर्षी काकांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सक्तीची विश्रांती सांगितली. महिन्याभरात ते काठी टेकत मैदानाच्या कडेला उभे होते आणि अंपायरशी वाद घालत होते. त्यांना शांत, निवांत आयुष्य लाभो असं मी मागणार नाही; ते त्यांना सोसायचं नाही. दामलेकाकांना उदंड आयुष्य मिळो, गुडघे साथ देवोत, आणि शंभराव्या वर्षीही त्यांना हरलेल्या सामन्याची रुखरुख लागो.