रेतीचं घर

डोणगावच्या नाल्यात सापडलेली अळी मी प्रयोगशाळेत चिमट्यानं स्पिरिटच्या बशीत घेतली. ही कॅडिसफ्लाय नावाच्या कीटकाची अळी; रेतीचे कण लाळेच्या धाग्यानं जोडून नळीसारखं घर बांधते. जात नवी आहे. तिचं वर्णन लिहायचं तर तिला घराबाहेर काढावंच लागतं. सुईनं नळी फोडली, आणि स्पिरिटच्या वासातून ओल्या गोधड्यांचा वास येऊ लागला.

मी सात-आठ वर्षांची असेन. त्याच नाल्यावर आत्या गोधड्या धूत होती. सासरहून ती त्याच वर्षी कायमची परत आली होती. तळाशी उन्हाची जाळी हलत होती आणि तिच्यातून एक खडा चालत निघाला होता. मी तो उचलून नखानं फोडला. आत पांढुरकी अळी वळवळली.

"काऊन मोडलं वं त्याचं घर?" आत्या म्हणाली. "आता थे कोठी राहीन?"

मी रडवेली झाले. तिनं अळी काठच्या डबक्यात सोडली, वर चिमूटभर रेती टाकली. "बांधते थे. पाह्य तू."

गोधड्या वाळून गेल्या तरी आम्ही वाकून पाहत होतो. एकेक कण उचलत अळीनं अंगाभोवती कडं केलं. मला ती जादू वाटली. आत्या का हलत नव्हती, ते आज कळतं.

रिकामं घर वेगळ्या कुपीत ठेवायची आमची पद्धत आहे. मी ते अळीच्याच कुपीत ठेवलं.